अब्बांचा पहाड

माझे मरहूम अब्बा शहागंजात घड्याळे दुरुस्त करीत. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जुन्या लोकांना ते 'घडीवाले' म्हणूनच माहीत होते. रात्री इशाच्या नमाजनंतर मागच्या खोलीत ते डोंगर बांधत असत, ही गोष्ट मात्र मोहल्ल्यातल्या चार-दोन घरांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. डोंगर म्हणजे खेळण्यातल्या आगगाडीचा डोंगर. जुन्या लाकडी तख्तावर ८ बाय ४ फुटांची प्लाय, तिच्यावर रूळ, एक स्टेशन, दोन पूल, तीन बोगदे आणि या सगळ्याला पोटात घेणारा एक काळा पहाड. अम्मी त्याला 'तुमच्या अब्बांची दुसरी बायको' म्हणायची. चिडून नव्हे, पण अगदीच हसूनही नव्हे.

गेल्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. घराची वाटणी झाली, आता ते पाडून नवे बांधायचे ठरले आहे आणि पावसाळ्याआधी मागची खोली रिकामी करायची आहे. या पहाडाचे काय करायचे, यावर आमच्या घरात तीन महिने बोलणी चालली. त्या बोलण्यांत माझ्या लक्षात आले की अब्बा कुणाकडून काय शिकले, हे माझ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नाही. कारण त्यांना वाचून दाखवायला मीच होते.

अब्बा घड्याळांच्या सुट्या भागांसाठी वर्षातून दोनदा मुंबईला जात. १९७९ च्या सुमारास चोर बाजारातून त्यांनी हॉर्न्बी कंपनीचा एक वापरलेला संच आणला. एक इंजिन, तीन डबे, वाकडे झालेले रूळ. इंजिन बंद होते. घड्याळवाल्याला बंद वस्तू दिसली की राहवत नाही. त्यांनी ते रात्रीत चालू केले. पुढच्या खेपेला रद्दीवाल्याकडून 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकी मासिकाचे जुने अंक आले. अब्बांचे शिक्षण उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत, त्यामुळे इंग्रजी जेमतेम. मी शाळेत इंग्रजी शिकू लागले, तसे ते अंक माझ्यापुढे येऊ लागले. डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायची आणि दखनीत सांगायची. माझे इंग्रजी सुधारले ते बरेचसे त्यामुळेच.

त्या अंकांत अब्बांचा जीव ज्याच्यावर जडला तो माणूस म्हणजे जॉन अॅलन. व्यवसायाने छायाचित्रकार, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी राहणारा. लहानपणी आई-वडिलांचे छत्र हरपलेले आणि तापाने हृदय कमजोर झालेले. घराच्या तळघरात त्याने एक काल्पनिक डोंगरी रेल्वे उभारली होती. तिचे नाव 'गोर अँड डॅफेटिड' असे काहीसे लिहितात. उच्चार मात्र 'गोरी अँड डिफीटेड' असा, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! अब्बांना हा विनोद समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. रूळ बदलायच्या कामाला त्याने एका ठिकाणी इंजिनाऐवजी चक्क एक डायनासोर जुंपला होता. तो विनोद मात्र अब्बांना फोटो बघताच कळला.

पण त्याचे डोंगर विनोदी नव्हते. त्याच्या आधी बहुतेक हौशी लोक टेबलावर रूळ टाकत आणि उरलेल्या जागेत उंचवटे करत. अॅलनने जमिनीपासून छतापर्यंत कडे उभे केले. बघणारा माणूस दरीत उभा राहायचा आणि गाडी त्याच्या डोळ्यांपुढून किंवा डोक्यावरून पुलावरून जायची. जागा संपते तिथे आरसा असा लपवायचा की दरी पुढे चालूच आहे असे वाटावे. पुढची झाडे मोठी, मागची लहान. पुढचे रंग गडद, मागचे फिके. छायाचित्रकाराची नजर ती. एक फोटो अब्बांनी कापून दुकानातल्या काचेखाली ठेवला होता. गिऱ्हाइके विचारत, "ये कहाँ का है?" अब्बा म्हणत, "एक आदमी के घर का है." लोकांना वाटे, घडीवाले थट्टा करताहेत.

त्या फोटोकडे बघून अब्बांनी जे सूत्र काढले, ते आयुष्यभर सांगितले: "पहाड पहले था, पटरी बाद में आई. ऐसा दिखना चाहिए." करताना सगळे उलटे असते. आधी रूळ बसतात, कारण गाडी चालली पाहिजे. मग त्यांच्याभोवती डोंगर येतो. पण बघणाऱ्याला वाटले पाहिजे की डोंगर लाखो वर्षांपासून इथेच आहे आणि कुण्या इंजिनिअरने त्याच्यापुढे हात जोडून, वळसे घेऊन, जिथे इलाज उरला नाही तिथेच बोगदा पाडून वाट काढली आहे. विनाकारण बोगदा दिसला की अब्बा नाराज होत. "यहाँ तो बाजू से जा सकता था," म्हणत.

या वळशांमागे हिशेबही आहे. एका गाडीवरून दुसरी गाडी पुलाने न्यायची तर रूळ साधारण ८ सेंटिमीटर वर चढवावा लागतो. खेळण्यातले इंजिन २५ ला १ याहून तीव्र चढावर घसरू लागते. म्हणजे ८ सेंटिमीटरसाठी २ मीटर लांबी हवी, आणि आमची प्लायच मुळी अडीच मीटरची! म्हणून रूळ डोंगराला गुंडाळत न्यावा लागला. मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडीला मागून जादा इंजिने लागत, तेव्हा अब्बा आम्हाला खिडकीशी बोलावत. हा घाट १८६५ साली सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ ला १ आहे. अब्बा म्हणत, आपल्या तख्तावरचा चढ याच्यापेक्षा कठीण आहे. यात थोडी फुशारकी होती, पण हिशेब बरोबर होता.

डोंगर बांधायची कृती त्यांनी घेतली ती लिन वेस्टकॉट यांची. हे त्याच मासिकाचे संपादक. जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करायचा, त्यावर प्लास्टरच्या पातळ काल्यात बुडवलेले कागदी टॉवेल अंथरायचे; वाळले की कवच तयार होते. आत पोकळ, वर कडक, वजनाला हलके. त्याआधी लोक जाळीवर प्लास्टरचे जाड थर थापत, आणि डोंगर उचलताना माणसाची कंबर जायची. आमच्याकडे कागदी टॉवेल कुठले? वर्तमानपत्र घेतले. इथे दादीने अडवले. घरी उर्दू पेपर येत असे. त्यात कुठे ना कुठे अल्लाहचे नाव, एखादी आयत छापलेली असणार. तो कागद काल्यात बुडवून पायाशी लावायचा नाही, असा तिचा हुकूम. अब्बा त्यावर वाद घालणारे नव्हते. शेजारच्या देशपांडे काकूंकडून मराठी पेपरची रद्दी येऊ लागली. दादी तीसुद्धा चष्मा लावून तपासायची, लिपी वाचता येत नसताना! अब्बांचा अख्खा पहाड असा मराठी वर्तमानपत्रांवर उभा आहे.

पहिला डोंगर त्यांनी अॅलनसारखाच केला. टोकदार सुळके, करडा खडक, वर थोडा पांढरा रंग. हात चांगला बसला होता. मोहल्ल्यातली मुले बघायला आली, वाहवा झाली. पण अब्बांचे मन त्यात रमेना. त्यानंतर एका रविवारी आम्ही खुलताबादला दर्ग्याला गेलो. परतताना दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि बराच वेळ किल्ल्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "अपने पहाड नुकीले नहीं होते रे. अपने पहाड सीढियाँ होते हैं."

दख्खनचा डोंगर आपण रोज बघतो, म्हणून तो दिसत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकामागून एक पसरत गेले आणि थिजले. म्हणून आपले डोंगर थराथरांचे, पायऱ्यांचे. काळ्या दगडाचा उभा कडा, मग झुडपांचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मधूनच लाल मातीची एखादी रेघ. माथा बहुधा सपाट. हिरवाई चार महिन्यांची. उरलेले आठ महिने गवत पिवळे, नाहीतर जळके. अजिंठ्याच्या रांगा पाहा, मनमाडकडे जाताना दिसणारे डोंगर पाहा, हीच रचना. अब्बांनी अमेरिकन डोंगर फोडला. थर्माकोलचे तक्ते एकावर एक ठेवले, प्रत्येक थराचा काठ चाकूने कुरतडला, उतारांवर कागदाचे कवच चढवले. गणपतीच्या दिवसांत मखरवाल्यांच्या दुकानांतून थर्माकोलचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळत. काळ्या रंगात थोडा गेरू मिसळला की दगड जमतो. माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. गवतासाठी लाकडाचा भुसा हळदीत आणि पिवडीत रंगवायचा. हिरवा भुसा फक्त नाल्याकाठी. अॅलनचे काम डोळ्यांसमोर नसते, तर अब्बांनी डोंगर केलाच नसता. पण ते आपलेसे झाले ते या दिवसापासून, असे मला वाटते. चांगल्या उस्तादाकडून नजर घ्यायची, नक्षा आपला असतो.

मोजमापाचे सोंग मात्र प्रत्येकाला घ्यावे लागते. हे सगळे मूळ वस्तूच्या सुमारे ७६ पट लहान. दौलताबादची टेकडी भोवतालच्या जमिनीपासून सुमारे २०० मीटर उंच. ७६ ने भागले तरी अडीच मीटरांहून जास्त, म्हणजे तख्तावर ठेवली तर छत फोडून वर! चाँद मिनार सुमारे ६४ मीटरचा. तो ८४ सेंटिमीटर होतो. अब्बांनी मिनार मागच्या कोपऱ्यात बोटाएवढा केला, दूर आहे असे वाटावे म्हणून. रुळांचे तर सगळेच चुकलेले. विलायती माप आपल्या मीटरगेजलाही जुळत नाही आणि ब्रॉडगेजलाही. आपली मनमाड लाइन तेव्हा मीटरगेज होती, निजामाच्या काळातली, १९०० साली सुरू झालेली. अब्बा म्हणत, रूळ परके असू देत, पहाड तर आपला आहे.

माझे खाते झाडांचे. टाकीत वाढलेल्या बाभळीच्या काड्या, तांब्याच्या तारांचे बुंधे, अम्मीच्या शिवणातली हिरवी चिंधी बारीक कातरून पाने. एक लिंबाचे झाड करायला मला तीन संध्याकाळी लागत. माणसे मात्र आमच्या स्टेशनवर एकही नव्हते. विलायती संचात पेन्सिलच्या टोकाएवढी माणसे मिळतात. पण घरात पुतळे नकोत, असे दादीचे म्हणणे होते आणि अम्मीलाही ते पटत होते. मग माणसांविना वस्ती दाखवायची कशी? अब्बांनी यावर खूप डोके चालवले. मशिदीच्या पायरीवर तीन-तीन मिलिमीटरच्या चपला, सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या. फलाटावर होल्डॉल, एक सुराही, बाकावर विसरलेली छत्री. गावात दोरीवर वाळत घातलेले कपडे, उघडे दार, अर्धवट रचलेल्या विटा. लोक आत्ताच आत गेलेत, आत्ताच येतील, असे वाटायचे. पुढे मी अनेक मांडण्यांचे फोटो पाहिले, माणसांनी गजबजलेल्या. आमच्या रिकाम्या स्टेशनाइतकी माणसे मला कुठेच जाणवली नाहीत. हा माझा पक्षपात असेल.

डोंगरी रेल्वे म्हटले की अब्बांना आणखी एक नाव आठवे, आणि ते आपल्याच लोकांतले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी या गृहस्थाने बांधली. पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. सुमारे १६ लाख रुपये, त्या काळचे. १९०४ साली काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दोन फुटांचा रूळ, जवळपास २१ किलोमीटरची वाट, जागोजागी २० ला १ असा चढ आणि एवढ्या डोंगरात बोगदा फक्त एकच. बाकी सगळे घोड्याच्या नालेसारखे वळसे. इंजिने जर्मनीची, पण त्यांची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची, ज्यांनी आपल्या बार्शीची लाइट रेल्वे उभी केली तेच. वळणावर चाके वळावीत म्हणून त्या इंजिनांच्या आसांना थोडी मोकळीक ठेवलेली होती. १९८६ च्या उन्हाळ्यात अब्बांनी आम्हाला तिथे नेले. सगळे जण दरी बघत होते. अब्बा वहीवर वळणे उतरवत होते. एका वळणावर आमच्याच गाडीचे इंजिन समोरच्या कड्यावर दिसले आणि ते मोठ्याने म्हणाले, "देखो, बोगदा नहीं मारा! घूम के गया!" डब्यातले लोक वळून बघू लागले, अम्मीने पदर तोंडाला लावला.

माझे लग्न होऊन मी पुण्याला गेले. १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले आणि पुढच्या ईदला अब्बा आले ते खास त्यासाठी. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून ते उभे केले. एक अख्खे शहर, सिग्नल, उड्डाणपूल, डोंगर, बोगदे. दिवे मंद होतात, रात्र पडते, खिडक्या उजळतात आणि गाड्या एकमेकींना वाट देत धावत राहतात. लोक गाड्यांकडे बघत होते. अब्बा चष्मा वर करून सिग्नल मोजत होते. बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ये घडी है बेटा. इतनी बडी घडी मैंने नहीं देखी." घडीवाल्याकडून याहून मोठी दाद मिळत नसते. दुसरी गोष्ट त्यांनी नोंदली ती अशी की जोशींनी हौस घराच्या कुलपात ठेवली नाही, तिकीट लावून दार उघडले. म्हणूनच भाऊंच्या मागेही त्यांच्या कुटुंबाला ती चालवता आली. त्यानंतर आमच्या मागच्या खोलीचे दार रविवारी असर ते मगरिब मोहल्ल्यातल्या मुलांसाठी उघडे राहू लागले. तिकीट नव्हते. हात धुऊन यायचे, एवढी अट.

जॉन अॅलनचे पुढे काय झाले, हे अब्बांना फार उशिरा कळले. त्यांच्याकडचे अंक साठीच्या दशकातले. माझ्या मुलाने इंटरनेटवर शोधून सांगितले: ६ जानेवारी १९७३ रोजी अॅलन हृदयविकाराने गेला आणि त्यानंतर दहाएक दिवसांत त्या घराला आग लागून सारी मांडणी नष्ट झाली. म्हणजे अब्बांनी पहिला रूळ टाकला तेव्हा त्यांचा उस्ताद आणि त्याचे डोंगर, दोन्ही जाऊन सहा वर्षे झाली होती. उरले होते ते फोटो. वेस्टकॉट यांनी अॅलनवर लिहिलेले पुस्तकही त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये निघाले. हे ऐकून अब्बांनी 'इन्ना लिल्लाहि' म्हटले आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून तख्ताला वेगळा मेन स्विच बसवला.

आता वाटणीचे. मौलाना साहेबांनी हिस्से सांगितले: अम्मीचा आठवा, उरलेल्यात दोन भावांचे दोन-दोन आणि माझा एक. घराचा हिशेब एका बैठकीत झाला. पहाडाचा होईना. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने इंजिनांना आणि डब्यांना बरा भाव देऊ केला होता. डोंगर त्याला नको होता, डोंगराला बाजार नसतो. भाईजानांना तो भाव बरोबर वाटत होता आणि त्यांचे चूक होते असेही नाही. बांधकामाला पैसा लागतोच. धाकट्याचे म्हणणे, फोटो काढून ठेवू आणि मोडू. मी म्हणत होते, जसाच्या तसा ठेवा, पण पुण्याच्या माझ्या दोन खोल्यांत तो ठेवू शकत नव्हते. शेवटी अम्मीने तोंड उघडले. चाळीस वर्षे जिला तिने सवत म्हटले, तिच्या बाजूने बोलली. "गाडी बेचनी है तो बेचो. पहाड बच्चों का है. पहाड नहीं टूटेगा."

अब्बांनी तख्तावरची प्लाय मुळातच तीन तुकड्यांत करून बोल्टने जोडली होती. तरुणपणी दोन भाड्याची घरे बदललेला माणूस होता तो. त्यामुळे पहाड हलवता येतो. शहरातल्या एका मराठी शाळेने तो घ्यायचे कबूल केले आहे, भूगोलाच्या वर्गात ठेवण्यासाठी. त्यांच्या बाईंना थर दिसताच कळले की हा दख्खन आहे. इंजिनांपैकी चोर बाजारातले पहिले इंजिन पहाडाबरोबर जाईल, बाकीची विकली जातील.

मागच्या आठवड्यात आम्ही बोल्ट काढले. तुकडे वेगळे झाल्यावर डोंगराचे पोट पहिल्यांदा उजेडात आले. आतल्या बाजूने सगळीकडे मराठी अक्षरे. माझा भाचा टॉर्च घेऊन १९८३ सालची एक सिनेमाची जाहिरात वाचत बसला होता, त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

दौलताबादचा तुकडा शाळेच्या दारातून चार बोटे मावत नाही. वरचे दोन थर काढावे लागतील. ते चिकटवलेले नाहीत, नुसते खिळ्यांवर बसवले आहेत. चाकूचे पाते घातले की सुटतात. मिनार आणि झाडे मी शनिवारी वेगळ्या डब्यात भरणार आहे, कापसात.